हात मध्ये घातलाच कशाला?

बांधकामाच्या साइटवर कोणाचं बोट चेमटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अरे, पण हात मध्ये घातलाच कशाला?" आधी सुपरवायझर विचारतो, त्याच्या मागोमाग ठेकेदार, आणि अहवाल लिहायची वेळ आलीच तर सेफ्टी ऑफिसरही. उत्तरासाठी कोणी थांबत नाही. अहवालात 'कारण' या रकान्यात 'कामगाराचा निष्काळजीपणा' एवढं पडतं, 'उपाय' या रकान्यात 'समज देण्यात आली', आणि फाइल मिटते. ठेकेदारांच्या गप्पांत, बिल्डरांच्या बैठकांत आणि दर ४ मार्चला सुरक्षा दिनाच्या भाषणांत सूर हाच: आम्ही हातमोजे देतो, पोस्टर लावतो, रोज सकाळी उभं करून सांगतो, ही माणसं ऐकतच नाहीत, त्याला आम्ही काय करणार?

प्रश्न चांगला आहे. माझी तक्रार एवढीच, की तो विचारला जातो आणि सोडून दिला जातो. हात मध्ये का गेला हे एकदा तरी शोधून पाहावं. जड यंत्रं ट्रेलरवर चढवताना होणाऱ्या हाताच्या इजा जवळजवळ सगळ्या या एका प्रश्नाच्या उत्तरात सापडतात.

मुंबई, ठाणे किंवा पुण्यातली कुठलीही साइट घ्या. शहरात अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते, म्हणून ट्रेलर लागतो तो रात्री. इथलं काम संपलेलं असतं. बार कटिंग मशीन, मिक्सर, जनरेटर दुसऱ्या साइटवर न्यायचे असतात. हायड्रा, म्हणजे भार घेऊन चालणारी क्रेन, तासाच्या भाड्यावर आलेली. हॅलोजन एकच, आणि तोही ट्रेलरकडे पाठ करून. टनापेक्षा जड जनरेटर दोन बेल्टवर उचलला जातो. हायड्राची केबिन मागे, बूम पुढे आणि त्याच्या टोकाला भार. म्हणजे जिथे काम चाललंय नेमकं तिथलंच ऑपरेटरला धड दिसत नाही. लटकता भार स्वतःभोवती फिरतो. तो ट्रेलरच्या लांबीत वळवायचा असतो. दोर कोणी बांधलेला नसतो, म्हणून हेल्पर खालच्या फ्रेमचा कोपरा धरतो आणि हायड्रा चालत असताना तिच्या पुढच्या चाकाजवळून तो कोपरा धरून चालतो. काही मोठ्या प्रकल्पांवर जुन्या धाटणीच्या हायड्राला आता मज्जाव आहे तो याच कारणांनी.

खरी गंमत पुढे आहे. जनरेटर थेट फळ्यावर टेकवला तर बेल्ट खाली अडकतो, म्हणून मध्ये लाकडी ठोकळे हवेत. ते आधी लावलेले नसतात, कारण फ्रेमचे पाय नेमके कुठे येणार हे कोणी मोजलेलं नसतं. भार चार बोटं वर लटकत असताना कोणीतरी धावत जाऊन सेंट्रिंगच्या फळीचा तुकडा आणतो. हेल्पर तो आत सरकवतो. धरतो कसा? आपण कुणीही फळी धरू तसाच: अंगठा वर, बोटं खाली. फळीची जाडी वजा केली तर वर उरते जेमतेम तीन-चार सेंटिमीटरची फट, आणि त्या फटीत अंगठा. तेवढ्यात पलीकडून ट्रेलरचा क्लीनर ओरडतो, "आरिया!" जड भार उचलणाऱ्या खलाशांच्या बोलीत आरिया म्हणजे खाली सोड. ऑपरेटर सोडतो. त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही. त्याला आवाज ऐकू आला, अंगठा दिसला नाही.

आता प्रश्नाचं उत्तर देता येईल. हात मध्ये गेला, कारण भार वळवायला दोर नव्हता. हात मध्ये गेला, कारण ठोकळा वेळेवर जागेवर नव्हता. आणि हात मध्ये असतानाच भार खाली आला, कारण इशारा कोणी द्यायचा हे ठरलेलं नव्हतं. या तिन्हींत हेल्परच्या हातात काय होतं? हात सोडून काहीच नव्हतं.

यावर म्हणणार, "लक्ष नको का ठेवायला?" ठीक, लक्षाचा हिशेब करू. क्रेनचा हूक मिनिटाला दहा मीटर या बेताच्या वेगाने खाली येतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा सेंटिमीटर. चार सेंटिमीटरची फट पाव सेकंदात मिटते. त्यात अंगठ्याची स्वतःची जाडी दोनेक सेंटिमीटर, म्हणजे लोखंड अंगठ्याला टेकायला त्याच्याही निम्मा वेळ. डोळ्यांनी पाहून हात मागे घ्यायला धडधाकट, सावध माणसालासुद्धा साधारण पाव सेकंद लागतो, तोही उजेडात आणि काय येणार हे ठाऊक असताना. बेल्ट सटकला तर प्रश्नच मिटला: पाच सेंटिमीटर खाली पडायला वस्तूला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. त्या फटीत एकदा अंगठा गेला की जगातलं कुठलंही लक्ष तो वेळेत बाहेर काढू शकत नाही. सकाळच्या सूचनेत 'सावध राहा' असं शंभरदा सांगितलं म्हणून माणसाच्या मज्जातंतूंचा वेग वाढत नाही.

"अनुभवी माणसाचं असं होत नाही" हे दुसरं पालुपद. यात थोडं तथ्य आहे, पण सांगणाऱ्यांना वाटतं ते नव्हे. जुन्या खलाशांच्या टोळीत जड भार उचलताना बोलणारा एकच असे. मुकादमाचा शब्द आला की हूक हलायचा, दुसऱ्या कोणाच्या शब्दाने नाही. टोळी वर्षानुवर्षं एकत्र असे, कोणाचा हात कुठे आहे हे मुकादमाला न बघताही ठाऊक असे. त्या लोकांची बोटं शाबूत राहिली ती या शिस्तीने. एकेकट्याच्या चपळाईला त्याचं श्रेय देणं हा त्या शिस्तीवर अन्याय आहे. आज ती टोळी आहे कुठे? हायड्राचा ऑपरेटर भाड्याने देणाऱ्याचा, ट्रेलरचा ड्रायव्हर-क्लीनर वाहतूकदाराचा, हेल्पर लेबर ठेकेदाराचा. कदाचित आदल्या दिवशी तो मजूर नाक्यावरून गवंड्याच्या हाताखाली आलेला असेल. तीन मालकांची पाच माणसं रात्री अकराला पहिल्यांदा भेटतात आणि त्यांनी टनावारी लोखंड एकमेकांच्या भरवशावर उचलायचं. चढवण्या-उतरवण्याच्या कामाला संरक्षण देण्यात महाराष्ट्राने एके काळी देशाला वाट दाखवली. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला, बाजारातल्या हमालाला नोंदणी मिळाली, मंडळ मिळालं. साइटवर जनरेटर चढवणारा हा पोरगा मात्र ना धड माथाडी, ना धड रिगर. मस्टरवर त्याचं पद 'हेल्पर', म्हणजे जे काम कोणाचंच नाही ते याचं.

मग येतात हातमोजे. हा ठेकेदारांचा हुकमी एक्का: "मोजे दिलेत, घालत नाहीत." दिलेले असतात ते बहुधा ठिपक्यांचे सुती मोजे. ते फेकून द्या असं मी म्हणत नाही. वायर रोपच्या तुटलेल्या तारा, पत्र्याच्या कडा, खडबडीत लाकूड यांपासून मोजे खरोखर वाचवतात, आणि चामड्याचे असतील तर उत्तमच. पण चेमटण्यापासून? युरोपच्या ईएन ३८८ या मानकाखाली मोज्यांच्या मुख्य चाचण्या आहेत घासण्याच्या, कापण्याच्या, फाटण्याच्या आणि भोसकण्याच्या. २०१६ च्या आवृत्तीत आघाताची एक ऐच्छिक चाचणी आली; त्यात उतरलेल्या मोज्यावर 'पी' अक्षर असतं. त्या चाचणीतला आघात पाच ज्यूलचा, म्हणजे एक किलोचं वजन अर्ध्या मीटरवरून पडावं इतका. एक टनाचा जनरेटर फक्त एक सेंटिमीटर खाली बसला तरी शंभराच्या जवळपास ज्यूल होतात. शिवाय हातोड्याचा घाव बसून जातो. जनरेटर बसतो तो बसूनच राहतो. म्हणजे बाजारातला भारीतला भारी मोजाही ज्या धोक्यासाठी बनलेलाच नाही, त्या धोक्याचा उपाय म्हणून आपण सुती मोजा दाखवतो आणि वर म्हणतो, घातला नाही म्हणून झालं.

आणि का घालत नाहीत, हेही एकदा विचारा. डी-शॅकलची पिन फिरवताना जाड मोज्यात आटे कळत नाहीत. सैल मोज्याचं टोक साखळीच्या कडीत अडकतं. घामाने आणि ग्रीसने मोजा निसरडा होतो. मोजा काढून ठेवणारा प्रत्येक जण बेफिकीर नसतो; कित्येकदा त्याने धोका तुमच्यापेक्षा नीट जोखलेला असतो.

एवढं मान्य करतो, की कामगारांच्या बाजूनेही काही गोष्टी होतात. बोटातली अंगठी आणि मनगटातला गंडा कामावर काढून ठेवायला लोक तयार नसतात. अंगठी खिळ्यात किंवा हुकात अडकली आणि माणूस गाडीवरून उडी मारून उतरला तर बोटाची कातडी मुळापासून सोलून निघते. पोकलेनचा हायड्रॉलिक होज कुठे गळतोय हे बोट फिरवून पाहणारे मेकॅनिक आहेत. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेलं तेल कातडीत घुसतं, वर दिसतो फक्त एक ठिपका, आणि काही तासांत हात शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतो. तरणी पोरं शेखी मिरवायला भारावर उभी राहून वर जातात. यासाठी दरडावणं, कामावरून बाजूला करणं, सगळं योग्यच. पण या अपघातांचा दाखला देऊन त्या रात्रीच्या ठोकळ्याचा अपघात झाकता येत नाही. तिथे हेल्पर कुठलाच नियम मोडत नव्हता. त्याला सांगितलेलं कामच करत होता.

कायद्याचं म्हणाल तर निष्काळजीपणाची ढाल तिथे फार पूर्वीच मोडून पडली आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात मालकाला सुटका होती ती मोजक्या बाबतींत: कामगार नशेत असेल, सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढलं असेल. 'लक्ष नव्हतं' ही सबब त्या यादीत नव्हती. मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर त्या मोजक्या सबबीही चालत नसत. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तत्त्व हेच आहे. आणि 'तो आमचा माणूस नाही, लेबर ठेकेदाराचा' हे उत्तरही पुरत नाही. जुन्या कायद्याच्या १२ व्या कलमानेच मूळ मालकाला जबाबदार धरलं. शंभर वर्षं जुनी ही गोष्ट आजही साइटच्या ऑफिसात नवीन वाटते, कारण कायद्यापर्यंत पोचणारे कामगार थोडे.

त्याच जुन्या कायद्याच्या परिशिष्टात बोटांचा भाव लिहून ठेवलेला होता. तो वाचताना अंगावर काटा येतो, पण वाचावा. अंगठा गेला तर कमावण्याची शक्ती ३० टक्के गेली असं धरायचं. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. करंगळीचं हाड शाबूत राहून नुसतं टोक उडालं तर २. तीस वर्षांच्या माणसाचा, १५,००० रुपये मासिक वेतन धरून, हिशेब केला तर अंगठ्याचे साडेपाच लाखांच्या वर होतात, तर्जनीचे सुमारे २ लाख ६२ हजार. 'एका बोटाने काय होतंय' म्हणणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवून बोलावं. कापलेलं बोट ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून, ती पिशवी बर्फात ठेवून वेळेत नेलं तर काही वेळा जोडता येतं. जनरेटरखाली पीठ झालेल्या बोटात जोडायला फारसं काही उरत नाही. शिवाय टक्केवारी काहीही सांगो, उजव्या अंगठ्याशिवाय सळई बांधायचा हूक फिरवून दाखवा.

तरीही बोटांच्या इजांचे आकडे फारसे बाहेर येत नाहीत. १ ऑगस्ट २०२३ ला समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ गर्डर लाँचर कोसळून वीस माणसं गेली, त्याची देशभर बातमी झाली, व्हायलाच हवी होती. बोटाची बातमी होत नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यापासूनचा नियम असा, की माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त कामाला मुकला तर अपघात कळवावा लागतो. नियम चांगल्या हेतूचा आहे, आणि त्यातली पळवाट साइटवर काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: पट्टी बांधलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी आणून स्टोअरमध्ये बसवायचं, हजेरी लावायची. दिवस भरला, अपघात झालाच नाही. गेटवरच्या फलकावर 'अपघाताविना इतके लाख मनुष्यतास' हा आकडा वाढत राहतो. त्या फलकाला बक्षीस लावणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी एकदा स्टोअरमध्ये डोकावून पाहावं, तिथे किती जण डाव्या हाताने चहा पितायत.

त्यावर शेवटचा आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक असतो: "हे सगळं बरोबर, पण व्यवहारात जमणार कसं?" जमतं. त्यात नवं काहीच नाही. समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर भाराला हात न लावता तो बसवण्याची पद्धत केव्हाच रुळली आहे. हायड्राचं इंजिन सुरू होण्याआधी जनरेटरच्या पायांतलं अंतर टेपने मोजायचं, ट्रेलरच्या फळ्यावर खडूने खुणा करायच्या आणि ठोकळे तिथे आधीच मांडून ठेवायचे. एवढ्या एका गोष्टीने निम्म्याहून अधिक वेळा हात आत जायचं कारणच उरत नाही, असं माझं मत आहे. मांडलेला ठोकळा सरकवावा लागलाच तर भार पुन्हा वर घ्यायचा, आणि ठोकळा दोरीच्या कडीने ओढायचा किंवा काठीने ढकलायचा. म्हणून प्रत्येक ठोकळ्याला भोक पाडून दोरी ओवलेली हवी. भाराच्या दोन टोकांना दोर बांधले की तो लांबून वळवता येतो. ते दोर हाताला गुंडाळायचे नाहीत, नुसते धरायचे, नाहीतर फिरलेला भार माणसालाच ओढून नेतो. बेल्टचा ढिलेपणा निघेपर्यंत तो जागेवर ठेवावा लागतो. तेव्हा मूठ वळायची नाही, उघड्या तळव्याने बाहेरून दाबायचा. बेल्ट ताणला की हूक थांबवायचा, सगळ्यांनी हात काढायचे, मग भार वीतभर उचलून पुन्हा थांबायचं आणि तो सरळ आहे का पाहायचं. आणि इशारा देणारा एकच, ऑपरेटरला दिसेल असा उभा. त्याने प्रत्येकाचे दोन्ही हात नजरेने मोजल्याशिवाय 'आरिया' म्हणायचं नाही. थांबवण्याचा हक्क मात्र सगळ्यांना, क्लीनरलाही.

साखळी आवळण्याचं वेगळं सांगायला हवं, कारण भार बसला की सगळे निर्धास्त होतात. लिव्हरच्या बाइंडरवर पाइप चढवून जोर लावायची पद्धत सर्रास आहे. त्या दांड्यात साखळीचा सगळा ताण साठलेला असतो. सोडताना तो उलटा उसळतो आणि वाटेत मनगट असेल तर मनगट, जबडा असेल तर जबडा फोडतो. रॅचेटचा बाइंडर महाग पडतो, पण दात-दात करून ताण सोडतो.

छोट्या यंत्रांना तर कोणी मोजतच नाही. शंभरेक किलोचा प्लेट कॉम्पॅक्टर दोघं मिळून टेम्पोत टाकतात. १९९८ च्या केंद्रीय नियमांनी प्रौढ पुरुषाने एकट्याने उचलायच्या वजनाला मर्यादा घातली ती ५५ किलोंची. म्हणजे कागदावर दोघंही नियमात बसतात. उचलेपर्यंत ठीक. खाली ठेवताना लोखंडी तळाखालची बोटं कधी आणि कोणत्या क्रमाने बाहेर येणार, हे त्या ५५ किलोंत नाही. वर उचलायची कडी असते, टेम्पोला फळीचा उतार लावता येतो, चेनपुली टांगता येते. पण 'दोन माणसं आहेत की' या वाक्यासमोर यातलं काही टिकत नाही.

यात खर्च किती? दोर, ठोकळे, काठ्या, खडू: हायड्राच्या एका रात्रीच्या भाड्यापुढे नगण्य. खरा खर्च वेळेचा आहे, हे मी लपवत नाही. मोजणं, मांडणं, दोनदा थांबणं यात पंधरा-वीस मिनिटं जातात. हायड्राचा तास चालू असतो, ट्रेलरचं हॉल्टिंग चढतं, सकाळी बंदीची वेळ सुरू व्हायच्या आत शहराबाहेर पडायचं असतं. ती वीस मिनिटं कोणाच्या खिशातून जायची हाच खरा वाद आहे, आणि आजवर तो हेल्परच्या बोटांवर मिटवला गेला. निविदेत यंत्रं आणणं-नेणं हे एकरकमी दरात गुंडाळलेलं असतं. सुरक्षेचा खर्चही 'दरात समाविष्ट'. कमी दराचा ठेकेदार नेमका तिथेच कापतो, आणि जो कापत नाही त्याला काम मिळत नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग, महापालिका आणि मोठे विकासक यांनी यंत्रं चढवण्या-उतरवण्याची साधनं, एक प्रशिक्षित इशारेदार आणि पुरेसा उजेड ही निविदेतली स्वतंत्र बाब करावी, तिचे पैसे वेगळे द्यावेत, आणि ती दिसली नाही तर कापून घ्यावेत. एवढं करून झाल्यावरही ठेकेदार म्हणाला की हेल्पर ऐकत नाही, तर मग हेल्परबद्दल बोलू.